खेळांतील आगगाडीचा जमाखर्च

गृहस्थाश्रमांत कांहीं वस्तु अशा असतात कीं त्यांची किंमत दुकानदार एकदांच सांगतो, पण घेणारा ती जन्मभर देत राहतो. जुन्या लोकांनीं या सदरांत घोडा आणि बागाईत यांना घातलें होतें. आमच्या पिढीनें त्यांत मोटारीची भर घातली. मुलांच्या खेळांतील आगगाडी हीही त्याच सदरांत बसते, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. खरी आगगाडी पोसणें हें सरकारचें काम. खोटी आगगाडी पोसण्यास असें काय लागणार? परंतु रेल्वेच्या हिशेब खात्यांत तेहतीस वर्षें काढलेल्या प्रस्तुत लेखकावर २०२५ सालच्या उन्हाळ्यांत या खोट्या आगगाडीचा जमाखर्च मांडण्याचा प्रसंग आला. त्यांतून जें निष्पन्न झालें तें नांदत्या घरांतील वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहें.

आमचे चिरंजीव जर्मनींत स्टुटगार्ट शहराजवळ एका कारखान्यांत नोकरीस आहेत. त्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तीन महिने त्यांजकडे होतों. नातू सहा वर्षांचा. त्याच्या वाढदिवसास मोठी आगगाडी घ्यावी असें चिरंजीवांच्या मनांत होतें. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, तेवढ्या पैशांत मुलाची वर्षभराची पोहण्याची आणि व्हायोलिनची शिकवणी होईल. पक्ष दोन्ही न्याय्य. आणि घरांत वडील माणूस आलेलें असलें म्हणजे असा वाद त्याच्यापुढें आल्यावांचून राहत नाहीं. "बाबा, तुमचा जन्म आगगाडीच्या हिशेबांत गेला, आतां तुम्हीच काय तें सांगा," असें म्हणून सूनबाईंनीं कंपनीचें सूचिपत्र माझ्यापुढें ठेवलें. मीं चष्मा लावला व एक कोरी वही मागून घेतली.

प्रथम 'मोठी' या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. युरोपांत घरोघरीं जी विजेवर चालणारी खेळांतील आगगाडी आढळते ती खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाइतकी असते. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें १६.५ मिलिमीटर, ती टेबलावर मांडतात. चिरंजीवांच्या मनांतील गाडी ही तिची थोरली बहीण. ती खऱ्या गाडीच्या साडेबाविसाव्या हिश्शाइतकी, आणि तिच्या रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर. न्यूरेंबर्ग येथील लेहमान या जुन्या खेळणीवाल्या कंपनीचे वोल्फगांग आणि एबरहार्ड रिश्टर या बंधूंनीं ती १९६८ सालीं बाजारांत आणली. 'लेहमानची मोठी गाडी' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन तिला एल्. जी. बी. म्हणतात. ऊन, पाऊस आणि बर्फ सोसून ती अंगणांत चालावी अशीच तिची घडण आहे. रूळ भरीव पितळेचे आणि त्यांखालचे स्लीपर उन्हानें न विटणाऱ्या प्लास्टिकचे.

४५ ला साडेबाविसांनीं गुणलें तर १,०१२.५ येतात, म्हणजे मिलिमीटरांत मोजतां जवळ जवळ एक मीटर. हा गुणाकार मीं संवयीनें केला आणि उत्तर पाहून क्षणभर थबकलों. हें तर आपलें मीटरगेज! लहानपणीं पुणें-मिरज मार्गानें आम्ही ज्या गाडींत बसून आजोळीं जात असूं, तिच्या रुळांचें हें धाकटें रूप. तो मार्ग पुढें रुंद झाला, आणि ते अरुंद रूळ व तीं लहान स्टेशनें आतां माझ्या वयाच्या माणसांच्या आठवणींतच उरलीं आहेत. असो. भावनेसाठीं वहींत एक रकाना वेगळा ठेवावा, ती बेरजेंत मिसळूं नये, अशी माझी जुनी शिस्त आहे. ती पाळून पुढें गेलों.

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे, कारण खर्चाचें मूळ त्यांतच आहे. स्टुटगार्टहून आगगाडीनें तासाभराच्या आंत ग्योपिंगेन नांवाचें गांव लागतें. तेथें थिओडोर मेर्क्लिन नांवाच्या पत्र्याचें काम करणाऱ्या कारागिरानें १८५९ सालीं बाहुल्यांच्या स्वयंपाकघराचीं भांडीं, म्हणजे आपली भातुकलीच, पत्र्याची करून विकण्यास आरंभ केला. त्याची पत्नी कॅरोलिन हा माल घेऊन गांवोगांव फिरत असे. १८६६ सालीं पति निवर्तल्यावर तिनेंच पुष्कळ वर्षें नेटानें धंदा सांभाळून तो मुलांच्या हातीं दिला. त्या मुलांनीं १८९१ सालीं लाइपझिगच्या व्यापारी जत्रेंत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. खेळांतील आगगाड्या त्यापूर्वींही होत्या. नवें होतें तें हें कीं, यांनीं रूळ ठराविक मापांचे केले आणि त्या मापांना क्रमांक दिले. आज घेतलेल्या रुळास दहा वर्षांनीं घेतलेला रूळ जुळावा, अशी ती योजना होती.

भातुकली कधींच पुरी होत नसते, हें मर्म ज्या घराण्यास पिढीजात ठाऊक होतें त्यानें तें आगगाडीस लावलें. चूल दिली कीं तवा हवा, तवा दिला कीं पोळपाट हवा. तसें इंजिन दिलें कीं डबे हवेत, आणि डबे दिले कीं स्टेशन हवें. यांत लबाडी आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. मुलाच्या कल्पनेस वाढावयास त्यांत जागा असते, आणि दर सणास भेट काय द्यावी ही घरच्या वडील मंडळींची विवंचनाही मिटते. परंतु खिशाच्या दृष्टीनें पाहतां पहिल्या पेटीची किंमत ही वस्तूची किंमत नव्हे. ती प्रवेश-फी होय.

मोठ्या मापाच्या गाड्या मध्यंतरीं मागें पडल्या होत्या. शहरांतील बिऱ्हाडें लहान, हातांतील पैसाही बेताचा; तेव्हां १९३५ सालीं मेर्क्लिननेंच १६.५ मिलिमीटरांची टेबलावरची गाडी काढली आणि थोरल्या गाड्यांचें घरांतील स्थान तिनें घेतलें. १९६८ सालीं थोरली गाडी परत आली ती अंगणाच्या दारानें. यावरून या प्रकरणांत पैशाच्याही आधीं जागेचा हिशेब करावा लागतो हें उघड आहे. धाकट्या इंजिनाशीं तुलना केली असतां थोरलें इंजिन लांबींत जवळ जवळ चौपट, व्यापलेल्या जागेंत पंधरापट आणि घनफळांत अठ्ठावनपट भरतें. किंमत मात्र अठ्ठावनपट नसते. धाकटें बरेंसें इंजिन तीन-चारशें युरोंस मिळत असेल तर थोरलें सहाशेंपासून बारा-पंधराशेंपर्यंत जातें. म्हणजे आकाराच्या भावानें पाहिलें तर मोठी गाडी स्वस्त आहे. महाग आहे ती जागेच्या भावानें. तिच्या सर्वांत लहान वर्तुळास बारा वाकडे रूळ लागतात आणि त्याचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास होतो. लांब डब्यांची गाडी त्या वळणावर शोभत नाहीं. तिला सोळा रुळांचें, सुमारें दोन मीटर चाळीस सेंटिमीटर व्यासाचें वर्तुळ बरें. चिरंजीवांची बैठकीची खोली चार मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद. तींत कोच, जेवणाचें टेबल आणि आम्ही पांच माणसें.

आतां पैसा. पहिल्या पेटींत एक लहान इंजिन, दोन डबे, बारा वाकडे रूळ आणि विजेचा दाब कमीजास्त करणारें यंत्र इतकें येतें. किंमत चारशें ते सहाशें युरो. युरो त्या उन्हाळ्यांत शंभर रुपयांच्या आसपास होता, त्यामुळें गुणाकारास कागद नको. चाळीस ते साठ हजार रुपयांत गाडी सुरू होते. परंतु आठ दिवसांत मुलाच्या ध्यानांत येतें कीं गाडी वाटोळी फिरते, ती कोठेंच जात नाहीं. तिला कोठें तरी जावयाचें तर सरळ रूळ पाहिजेत. तीस सेंटिमीटरांचा एक तुकडा आठ-दहा युरोंस पडतो, तेव्हां दहा मीटर वाटेस सुमारें तीनशें युरो झाले. गाडी बाजूस घ्यावयाची तर सांधा पाहिजे. हातानें फिरवावयाचा साधा सांधा सत्तर-ऐंशीं युरोंचा, विजेनें फिरणारा त्याहून अधिक. मालाचा डबा सवाशें ते दोनशें, उतारूंचा दोनशें ते चारशें. एकच इंजिन असलें म्हणजे सांध्यांचा उपयोग काय, या प्रश्नास बापाजवळ उत्तर नसतें. म्हणून दुसरें इंजिन येतें.

मीं मांडलेला तक्ता येणेंप्रमाणें: पेटी पांचशें, सरळ रूळ तीनशें, तीन सांधे अडीचशें, चार डबे सहाशें, दुसरें इंजिन सातशें, स्टेशन व इतर किरकोळ दोनशें, एकूण अडीच हजार पन्नास युरो. ही कांहीं हौशी माणसाची चैन नव्हे, तीन वर्षांची सामान्य वाढ आहे. शिवाय देखभाल आहेच. पितळेचे रूळ हवेनें काळवंडतात, आणि रूळ काळवंडले कीं वीज चाकांपर्यंत पोंचत नाहीं; ते वरचेवर पुसावे लागतात. रुळांवर घासत जाऊन वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्या झिजतात, चाकावरील रबराचें कडें सैल पडतें, मोटारीचे कार्बन बदलावे लागतात. खऱ्या इंजिनाच्या दुरुस्तीचीं बिलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांची हीं नातवंडें.

इतकी किंमत घेणारे कारखानदार गबर झाले असतील असें कोणास वाटेल. परंतु तसें नाहीं. एकेका नमुन्याचे सांचे महाग, एका वेळीं निघणारा माल थोडा, आणि प्रत्येक इंजिनाचे बारीक भाग हातानें जोडावे लागतात. लेहमान कंपनीनें २००६ सालीं दिवाळें जाहीर केलें. पुढच्या वर्षीं तिचा हा धंदा मेर्क्लिननें घेतला. आणि खुद्द मेर्क्लिन, स्थापनेस बरोबर दीडशें वर्षें होत असतां, २००९ सालीं त्याच दशेस आली. ती त्यांतून सांवरली, आणि २०१३ सालीं सिम्बा-डिकी या खेळण्यांच्या मोठ्या उद्योगाच्या मालकांनीं ती विकत घेतली. तात्पर्य, विकणाराही या व्यवहारांत लुटारू नाहीं. वस्तूच मुळीं अशी आहे कीं ती करण्यासही फार लागतें आणि घेण्यासही फार लागतें.

येथपर्यंत हिशेब सूचिपत्रावरून झाला होता. पुढें त्यास एक अनपेक्षित पुरवणी मिळाली. शेजारच्या घरांत एक वृद्ध बाई एकट्या राहत. माझा नातू त्यांना ओमा, म्हणजे त्यांच्या भाषेंत आजी, म्हणत असे. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले होते. घरामागच्या बागेंत, गुलाबांच्या ताटव्याभोंवतीं त्यांनीं मोठ्या मापाची आगगाडी मांडलेली होती. रूळ काळे पडले होते आणि बोगद्याच्या तोंडाशीं गवत माजलें होतें. घर विकून मुलीच्या गांवीं दोन खोल्यांत राहावयास जाण्याचें बाईंनीं ठरविलें होतें, आणि आगगाडी घेण्यासाठीं जुन्या मालाचा एक व्यापारी येऊन यादी करून गेला होता. मी रेल्वेचा हिशेबनीस आहें असें सूनबाईंकडून कळतांच त्यांनीं मला बोलावून यजमानांची नोंदवही पुढें केली. व्यापाऱ्याची यादी तिच्याशीं ताडून पाहा, एवढीच त्यांची विनंती. मला जर्मन येत नाहीं आणि त्यांना इंग्रजी बेताचें. मध्यस्थ म्हणून नातू मांडी घालून बसला.

अशी वही मीं नोकरींतही क्वचित् पाहिली. पहिली नोंद १९७४ सालची. तारीख, वस्तु, किंमत आणि शेऱ्याचा रकाना. २००१ अखेर किंमती मार्कांत, पुढें युरोंत. मीं एका युरोस १.९५५८३ मार्क या ठरलेल्या दरानें सगळ्या बेरजा युरोंत आणल्या. पहिलीं तीस वर्षें खरेदी अगदीं बेताची होती. वर्षास एखादा डबा, कधीं चार रूळ. मात्र शेऱ्याचा रकाना भरगच्च. नातवानें वाचून सांगितलें त्याप्रमाणें कोठें मुलीचा पहिला दांत पडला होता, कोठें दोघी बहिणींनीं भांडून शेवटीं निळा डबा निवडला होता, कोठें शेजारची मुलें पावसांत गाडीवर छत्री धरून उभीं होतीं. मुली लग्न होऊन गेल्या आणि खरेदीचा वेग वाढला. शेवटच्या पंधरा वर्षांची बेरीज पहिल्या तीस वर्षांच्या दुपटीहून अधिक. इंजिनामागून इंजिन, आणि शेऱ्याचा रकाना कोरा. तळघरांत जाऊन पाहिलें तों त्या वर्षांतील बहुतेक पेट्यांच्या फिती तोडलेल्याच नव्हत्या.

नातवानें बाईंना कांहीं विचारलें, आणि त्यांचें उत्तर मला मराठींत सांगितलें: "आजोबा, ओमा म्हणते, मुली गेल्यावर ते रविवारी एकटेच गाडी लावायचे. आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवा रुमाल दाखवायची." मीं मान हालवली आणि पुढची बेरीज केली.

व्यापाऱ्यानें सांगितलेली रक्कम वहींतील एकूण बेरजेच्या पंचमांशालाही पोंचत नव्हती. तो बाईंना फसवीत होता असें मात्र मला दिसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आला तेव्हां त्यानें सरळ सांगितलें कीं, सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत ज्यांनीं हा माल हौसेनें घेतला तीं माणसें आतां एका वेळींच जात आहेत. दर आठवड्यास एखाद्या घरचें असें तळघर त्याच्याकडे येतें, आणि घेणारे तरुण तर अंगण नसलेल्या बिऱ्हाडांत राहतात. न उघडलेल्या पेट्यांना त्यानें कांहीं तरी भाव दिला. बागेंतील रूळ, उन्हानें रंग उडालेलें जुनें इंजिन आणि मुलींनीं निवडलेले डबे यांच्यापुढें शून्य होतें. ते उचलण्याची मजुरीच अधिक, असें तो म्हणाला. बाजाराच्या हिशेबानें तें शून्य बरोबर होतें. वहीच्या हिशेबानें पाहतां, ज्या वस्तूंनीं आपली किंमत पुरी फेडली होती त्याच तेवढ्या शून्यांत होत्या.

त्या रात्रीं जेवणानंतर मीं घरांत दोन्ही तक्ते वाचून दाखविले, सूचिपत्रावरचा आणि वहीवरचा. माझा निष्कर्ष थोडक्यांत असा होता. खरेदीचीं तीस आणि पंधरा अशीं दोन्ही प्रकरणें एकाच माणसाचीं, वस्तूही त्याच. फरक एवढाच कीं पहिल्या प्रकरणांत गाडीभोंवतीं माणसें होतीं. तेव्हां ही खरेदी डब्यांच्या संख्येवर करावयाची नसून ती चालवावयास किती हात आहेत त्यावर करावयाची आहे. याच बेतानें मोठ्या मापाचें समर्थनही होतें. टेबलावरच्या लहान गाडीचें चाक रुळावर बसविण्यास तरण्या माणसाचे डोळे आणि स्थिर बोटें लागतात. माझीं बोटें आतां कांपतात, आणि सहा वर्षांच्या मुलाचीं उतावीळ असतात. वीतभर लांबीचें थोरलें इंजिन मात्र आम्हां दोघांसही रुळावर ठेवतां येतें. ज्या घरांत दोन टोंकांच्या पिढ्या एकत्र आहेत, किंवा निदान एकत्र येतात, त्या घरांत मोठ्या गाडीचे अधिक पैसे कारणीं लागतात. एकट्या गृहस्थाच्या तळघरांत ते लागत नाहींत.

सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे घ्यावी असंच ना तुमचं मत?" मीं म्हटलें, "घ्यावी, पण सूचिपत्रांतली नव्हे." चिरंजीव कांहीं वेळ बोलले नाहींत. नव्या पेटीचें झांकण मुलानें स्वतःच्या हातानें उघडावें असें त्यांच्या मनांत फार दिवसांपासून होतें, आणि बापाच्या मनांतील अशी इच्छा हिशेबानें खोडून काढतां येत नाहीं. शेवटीं ते उठले, शेजारीं गेले, आणि बाईंना विचारून बागेंतील रूळ पाहून आले. "धुतले तर निघतील," एवढेंच त्यांनीं सांगितलें.

जें व्यापाऱ्याला नको होतें तें आम्हीं मागितलें: जुनें इंजिन, चार डबे, वर्तुळाचे रूळ, सरळ रूळ, दोन सांधे आणि वीज देणारें यंत्र. या वस्तूंना वहींत जी किंमत पडली होती तिच्या निम्मी मीं सुचविली. बाई फुकट देऊं लागल्या. फुकट घेणें आम्हांस रुचेना आणि पैसे घेणें त्यांस रुचेना, असा प्रेमाचा तंटा अर्धा तास चालला, व अखेर चारशें युरोंवर मिटला. व्हायोलिनची शिकवणीही त्यामुळें वांचली. मग चार दिवस आम्ही आजा-नातू रूळ उचलीत होतों. पितळ घासून चकाकूं लागलें तेव्हां नातवास तें सोनें वाटलें. आमच्या सौभाग्यवतींनीं त्याला एक कायदा घालून दिला: "नवा डबा हवा असेल तर आधी नवा खेळगडी आण." त्याप्रमाणें आम्ही निघेपर्यंत वरच्या मजल्यावरील तुर्की कुटुंबांतील दोन मुलें आणि समोरची एक मुलगी अशीं तीन माणसें भरतीस आलीं होतीं, आणि इमारतीच्या मागील सामायिक चौकांत दर शनिवारीं रूळ पडत होते. डबा मात्र एकही नवा आला नव्हता. मुलांना त्याची आठवणही झाली नाहीं.

हें वर्तमान पुण्यास कळल्यावर आमच्या धाकट्या बंधूंनीं फोन करून तशीच एक गाडी घरच्या मुलांसाठीं घेऊन येण्यास सांगितलें. त्यांच्याकडे तीन नातवंडें एकत्र नांदतात, म्हणजे हातांची वाण नव्हती. मीं तोही हिशेब केला. त्या वेळच्या नियमानें परदेशाहून परतणाऱ्या प्रत्येक उतारूस पन्नास हजार रुपयांपर्यंतचें सामान जकातीवांचून आणतां येत असे. दोघांची सवलत एका वस्तूवर एकत्र करतां येत नसे. आणि वरच्या रकमेवर अधिभारासह साडेअडतीस टक्के जकात होती. साठ हजारांच्या पेटीवर ती ३,८५० रुपये झाली असती. तेवढ्यासाठीं मीं नाहीं म्हटलें नसतें. प्रश्न होता तो दुसऱ्या डब्याचा. व्यापाऱ्यांनीं बाहेरून आणविलेल्या खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क आपल्या सरकारनें २०२० सालीं वीस टक्क्यांवरून साठ, आणि २०२३ सालीं सत्तर टक्के केलें. देशांतील खेळणीवाल्यांच्या दृष्टीनें तें योग्यही असेल. परंतु यामुळें हा माल पुण्याच्या पेठेंत सहज मिळण्याजोगा राहत नाहीं. एक सांधा मोडला तर जर्मनीहून कोणी येईपर्यंत गाडी बसून राहावयाची. जी वस्तु भर घालीत वाढावी म्हणूनच निर्माण झाली, तिला भर मिळण्याची वाटच जेथें अवघड, तेथें पहिली पेटी नेणें म्हणजे पोळपाट-लाटण्यावांचून भातुकली देणें होय.

बंधूंना हें रुचलें नाहीं. "दादा, हौसेला मोल नसतं," असें ते म्हणाले, आणि कांहीं दिवस आमच्यांत थोडा अबोलाही राहिला. पुण्यास परतल्यावर मी तिन्ही मुलांना आणि बंधूंना घेऊन कोथरुडांतील भाऊ जोशी यांच्या लघु-रेल्वे संग्रहालयांत गेलों. १९९८ सालीं लोकांस खुलें झालेलें हें संग्रहालय धाकट्या, सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापाचें आहे. एका गृहस्थाच्या छंदांतून उभें राहिलेलें तें एक अख्खें गांवच आहे. मुलें कांचेस नाक लावून पाहत राहिलीं. घरीं आल्यावर धाकट्यानें खोक्यांचे डबे जोडून ओसरीवर गाडी लावली आणि मला तिकीट विकलें. बंधूंनीं तेव्हां माझ्याकडे पाहिलें. पण 'तुझें खरें' असें कांहीं ते म्हणाले नाहींत, आणि मींही तशी अपेक्षा ठेवली नाहीं. गाडी त्यांना अजून हवी आहे, आणि कोणा येणाऱ्याबरोबर ते ती एक दिवस आणवितील असा माझा अदमास आहे.

त्यांची म्हण खोटी नाहीं. हौसेला मोल नसतें. परंतु तिला जागा लागते, वेळ लागतो आणि सोबत लागते, आणि या तिहींची बाकी दुकानांतील पावतीवर लिहिलेली नसते. म्हणून ज्या गृहस्थास ही हौस असेल त्यानें सूचिपत्र उघडण्यापूर्वीं घरांत जमीन मोजावी, आठवड्यांतील मोकळे तास मोजावे आणि माणसें मोजावीं. तिन्ही मोजून पुरेशीं भरलीं तर पैशाकडे फार पाहूं नये. आणि घ्यावयाचें ठरल्यास आधीं आसपासच्या एखाद्या ओस पडलेल्या तळघराची चौकशी करावी. तेथें वस्तु कमी किंमतींत मिळते एवढेंच नव्हे, तर कोणा एकाची नोंदवही पुढें चालू राहते. आमच्या शेजारीणबाईंनीं निघतांना ती वही माझ्या नातवास दिली. तिच्या शेऱ्याच्या रकान्यांत आतां तो आपल्या वांकड्यातिकड्या अक्षरांत त्या त्या शनिवारीं कोण कोण खेळावयास आलें होतें त्यांचीं नांवें लिहितो; किंमतीचा रकाना रिकामा असतो.